दगडाचा दुसरा तुकडा

ऐंशीच्या दशकात मी आणि माझी मैत्रीण भूशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, मी मरोळची. विंध्य डोंगरांत अभ्याससहलीला गेलो असताना एक राखाडी चुनखडक दोघींना एकदमच दिसला. भांडण नको म्हणून मीच हातोडी घातली आणि अर्धा तिला दिला.

अंधेरीच्या आमच्या कॉलेजात परतल्यावर दगड घासायला बसलो. प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ चकती करायची, काचेवर चिकटवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली शोधत राहायचं. शंभरेक कोटी वर्षं जुन्या अशा खडकात मिळाले तर जिवाणूंचे थर मिळतात, त्यापुढचं काही नाही, असंच आम्हाला शिकवलं होतं.

एका दुपारी ती ओरडली, "अगं, इकडे ये ना! बघ हे!"

मी डोळा लावला. तपकिरी धागा, आत एकीला लागून एक पेशी, आणि पुढे धाग्याला चक्क फांदी फुटलेली. शेवाळासारखं काहीतरी. जिवाणू नक्कीच नव्हते.

"डिंकातले बुडबुडे असतील," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. पण तिने नवी चकती केली. त्यातही तेच. मग सर आले, बराच वेळ डोळा काढेनात, आणि शेवटी तिच्या पाठीवर थाप मारली. माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही.

त्यानंतर मी माझा तुकडा घासत सुटले. बोटांची सालं निघाली. स्फटिक, नुसते स्फटिक! हातोडी थोडी तिरकी बसली असती तर?

सरांनी शोधनिबंध लिहायला काढला तेव्हा ती म्हणाली, "सर, हिचंही नाव घाला. दगड दोघींचा होता."

"नको. मला काय सापडलंय?" म्हणत मी बाहेर पडले. ती मागोमाग आली.

"रागावलीस?"

"जळतेय. बस?"

ती म्हणाली, "तुला मिळालं असतं ना, तर मी तुझ्याशी बोललेसुद्धा नसते, यार."

आम्ही कॅन्टीनमध्ये जाऊन चहा प्यालो.

पुढे ती परदेशी गेली. मी मुलुंडच्या कॉलेजात शिकवायला लागले. दरवर्षी त्या धाग्याचं चित्र फळ्यावर काढायचे, तो कोणाला सापडला तेही सांगायचे. फक्त जरा भरभर सांगायचे.