चिंधी मजेत आहे

गल्लीत त्यांना सगळे शिवणबाई म्हणत. पडदे, गाद्यांच्या खोळी, पोरांचे गणवेश आणि वाढत्या पोटांच्या पँटी सैल करून देणं, हे त्यांचं काम. "कापड आटतं हो धुतल्यावर," असं त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घर वडिलांचं. खालच्या दोन खोल्या त्यांच्या आणि वरचा मजला थोरल्या भावाचा. वहिनी गेल्यापासून दादा सकाळचा चहा खालीच घ्यायचे. पेपर मोठ्याने वाचायचे आणि बाई मशीन चालवता चालवता हं हं करायच्या.

चिंधी ही त्यांची कुत्री. दाराबाहेर टाकलेल्या कापडाच्या चिंध्यांत एक पिल्लू झोपलेलं सापडलं, तेच आत आलं आणि नाव घेऊनच आलं. मशीनखाली, बाईंच्या पायांजवळ, ती दिवसभर पडून असायची.

मग दादांनी घरावर आणखी एक मजला चढवायचं ठरवलं. भाडं येईल, म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. बाईंना ते पटलं. गच्चीचा कठडा फोडायला सुरुवात झाली तेव्हा चिंधी छताकडे बघून भुंकली. ड्रिल लागलं तशी भुंकायची थांबली. मोरीत शिरून बादलीमागे तोंड खुपसून बसायची. फरशी कापायचं यंत्र किंचाळलं की तिचं सगळं अंग थरथरायचं. बाईंनी जुन्या गोधडीचा तुकडा दुमडून तिच्या कानांवर बांधायला एक जाड पट्टा शिवला. ते बघून गवंडी म्हणाला, "बाई, आम्हालाही एकेक शिवून द्या." बाई हसल्या, पण पट्ट्याचा उपयोग थोडाच झाला. चिंधीने खाणं सोडलं आणि स्वतःचा पुढचा पाय चावून चावून सोलून काढला.

दादांनी तो पाय हातात घेऊन बघितला. म्हणाले, "छोटे, हिचे हाल बघवत नाहीत. शहराबाहेर माझ्या मित्राची रोपवाटिका आहे. मोकळी जागा, आवाज नाही. काम संपेपर्यंत तिथे ठेवू."

"मला सोडून कधी राहिली नाही ती."

"चार दिवस रडेल. इथे तर रोजच रडतेय."

बाईंनी दोन दिवस काढले आणि मग हो म्हटलं. दादांच्या गाडीत चिंधी काही केल्या चढेना. शेवटी बाईंनीच तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, सोबत आपली जुनी शाल ठेवली आणि दार लावलं.

दर रविवारी दादा बातमी आणायचे. चिंधी मजेत आहे. पायाची जखम भरली. कुंड्यांमागे खड्डे खणते, माळी वैतागलाय. तिथे एक बदक आहे, ते तिच्या मागे लागतं आणि ही शेपूट घालून पळते. बदकाचं ऐकून बाई इतक्या हसल्या की हातातली टीप वाकडी गेली. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहून विचारलं, "बदक काय म्हणतंय?" दादांनी तेही सांगितलं.

एकदा भेटायला जाऊ म्हटलं, तर दादा म्हणाले, "तू परत निघालीस की ती ऊर फुटेस्तोवर रडणार. कशाला जीव तोडतेस तिचा?" तेही बाईंना पटलं. दादांचं त्यांना लहानपणापासून पटतच आलं होतं.

काम संपलं. वर एक जोडपं राहायला आलं. बाईंनी चिंधीचं अंथरूण उन्हात घातलं. पण या आठवड्यात मित्र गावाला गेलेला, त्या आठवड्यात तिकडचा रस्ता खणलेला. अंथरूण रोज उन्हात जायचं आणि संध्याकाळी आत यायचं.

एका दुपारी गवंडी हत्यारांची फाटलेली पिशवी शिवून घ्यायला आला. रिकाम्या कोपऱ्याकडे बघून सहज म्हणाला, "दुसरं कुत्रं नाही आणलंत?"

"दुसरं कशाला? आमची येईल की आता."

गवंडी पिशवीचा बंद उगाच चाचपत राहिला. बाईंनी मशीन थांबवलं. "काय झालं?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. दादांनी तिला प्राण्यांच्या आश्रमात दिली ना, कायमची. माझ्यासमोरच फोन केला होता. भाडेकरूंना खाली कुत्रं नको होतं म्हणे."

"हे कधी?"

"सुरुवातीलाच, बाई. भिंती उभ्या राहायच्या होत्या तेव्हा."

बाईंनी पिशवी शिवून पुरी केली, दोरा तोडला, त्याच्या हातात दिली. मग वर गेल्या.

"दादा, रोपवाटिका कुठे आहे?"

दादांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि समजले. "भाडेकरू आधीच ठरले होते, छोटे. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मग?" ते असं म्हणाले, जणू त्यातच सगळं आलं.

"आणि ते बदक?"

दादांनी मान खाली घातली. "तुला बरं वाटावं म्हणून."

"माझी शाल?"

"गाडीच्या डिकीत आहे."

आश्रमातल्या बाईने आठवून सांगितलं की पाय सोललेली ती कुत्री ट्रक तोलायच्या वजनकाट्यावरच्या राखणदाराने नेली. शिवणबाई बस बदलून तिथे पोचल्या. चिंधीने लांबून वास घेतला, धावत आली आणि पायांत लोळून इतकी रडली की राखणदाराला काही विचारावंच लागलं नाही. "तुमचीच आहे, घेऊन जा," तो म्हणाला. त्याची बायको मात्र आत गेली ती बाहेर आली नाही. ती चिंधीला राणी म्हणायची, तिच्यासाठी तिने दाराशी पोतं अंथरलं होतं. बाईंना तिच्या दारातून पाय काढणं जड गेलं.

घरी आल्यावर चिंधी खायला लागली. पण मशीनखाली बसेना. बाई किल्ल्या उचलायला गेल्या की ती खाटेखाली पार भिंतीशी जाऊन पडायची आणि कितीही हाका मारल्या तरी यायची नाही. बाईंना हळूहळू उमगलं. दादा काय बोलले, मित्र कोण, भाडेकरू कोण, हे चिंधीला कुठे माहीत? तिला गाडीत उचलून ठेवलं होतं ते बाईंनी. दार लावलं होतं तेही बाईंनीच. दादांनी हा विश्वासघातसुद्धा बाईंच्या हातून करवून घेतला होता.

दादा सकाळी पेपर घेऊन खाली आले. बाईंनी चहा एकाचाच टाकला होता. "मिळाली ना परत?" दादा दारातूनच म्हणाले. "मग आता किती दिवस धरून बसणार?"

"नुसती दिली असतीस तर भांडले असते आणि विसरले असते," बाई म्हणाल्या. "तू दर रविवारी माझ्यासमोर बसून मला हसवलंस."

दादा पेपर घेऊन वर गेले.

बाईंनी वजनकाट्याच्या रस्त्यावर, राखणदाराच्या घराजवळ, राहायला एक खोली बघितली. टेम्पो आला त्या दिवशी मशीन उचलायला दादा पुढे झाले. बाईंनी त्यांना बाजूला हो म्हटलं नाही. दुसऱ्या बाजूने गवंड्याने धरलं. चिंधी टेम्पोजवळ येऊन अंग चोरून थांबली. बाई आधी चढल्या, सामानामध्ये खाली बसल्या आणि तिला हाक मारली. बऱ्याच वेळाने ती आली. दादा काहीतरी म्हणाले, पण तोवर टेम्पो सुरू झाला होता.