भिंतीपलीकडचा डॉक्टर

सरकारी दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. मी तिथं क्लार्क होतो. रिटायर होताना मिळालेली शाल बायकोनं घेतली, नारळाची चटणी झाली, किस्से तेवढे माझ्या वाट्याला आले. चहाला कुणी आलं की सोडतो एकेक.

आमचं आरोग्य केंद्र बेंबळी गावाच्या अंगाला. शेजारी गुरांचा दवाखाना, मध्ये कमरेएवढी भिंत. पलीकडं सकाळपासून जत्रा! अलीकडं आमचे डॉक्टर एकटेच पंख्याखाली पेपर वाचत बसलेले. हुशार पोरगा, नवाकोरा एमबीबीएस, आणि खेड्यात राहायची हौस. ही हौस सरकारी नोकरीत सहसा आढळत नाही. पण वरून निरोप आला होता : पेशंट वाढले नाहीत तर डॉक्टरांना दुसरीकडं हलवू. म्हणजे उरणार कोण? मी आणि पंखा. त्यातही काम करणारा पंखाच.

*

एकदा डॉक्टरांनी पारावर नामदेवनानांना गाठलं. नाना म्हणजे गावचं हायकोर्ट. ते ज्या दुकानातून चहापत्ती घेतील, तिथूनच गाव घेणार.

"नाना, आमच्याकडं कुणी का येत नाही?"

"राग मानू नका, डॉक्टरसाब. आमी आलो की तुमी इचारता, काय होतंय?"

"मग?"

"आवं, आमाला कळत असतं तर आलो असतो कशाला? त्यो पल्याडचा डॉक्टर म्हशीला इचारतोय का? बघतोय, हात लावतोय, सांगून मोकळा! त्याला म्हणत्यात शिक्षण!"

डॉक्टर परत आले आणि पेपरात तोंड घालून बसले. पेपर कालचा होता.

*

जे थोडे लोक यायचे, ते सुईसाठी. गोळीवर कुणाचा विश्वास नाही. सोनाबाई सर्दी घेऊन आली, सोबत नवरा. डॉक्टर म्हणाले, "मावशी, सुईची गरज नाही. गरम पाणी प्या, वाफ घ्या."

"गरम पाणी माझ्या चुलीवर बी हाय की! सुई द्या."

"अहो, गरजच नाही तुम्हाला."

"बरं, मला नगं," सोनाबाईनं तडजोड केली, "मग ह्यांना द्या. हेलपाटा वाया जायला नगं."

नवऱ्यानं तोवर बाही वर करून ठेवली होती!

*

लोकांना आपलंसं वाटावं म्हणून डॉक्टरांनी एक युक्ती काढली. छाती तपासायची, आणि नळी पेशंटच्याच कानाला लावायची. पहिला मान किसनला मिळाला. त्यानं डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"ह्यो आवाज रोजच असतोय का?"

"रोज. चोवीस तास."

"लई धडधडतंय की ओ! बंद व्हायची गोळी द्या."

युक्ती त्याच दिवशी बंद झाली.

*

लसीचा कॅम्प लागला. आशाताई घरोघर फिरल्या, तोवर गाव शिवारात पसार. मग ठरलं, सरपंचांनी पहिली लस चारचौघांत घ्यायची. सरपंचांनी आधी भाषण केलं : "भ्यायचं काय कारण? माझ्याकडं बघा!" लोकांनी बघितलं. कॅम्पापुरत्या आलेल्या नर्सबाईंनी सुईचं टोपण काढलं आणि सरपंच आडवे!

गर्दीतून आवाज आला, "टोचायच्या आधीच ही गत, तर टोचल्यावर काय?"

त्यात गडबडीनं भिंतीवरून उडी मारून आले ते गुरांचे डॉक्टर. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, सरपंच उठून बसले. गावाची उरलीसुरली शंका फिटली.

*

आता शेवटचा. एका सकाळी नाना छाती धरून आले, घामानं सदरा भिजलेला. आले ते थेट भिंतीपलीकडं.

"नाना, मी जनावरांचा डॉक्टर," गुरांचे डॉक्टर घाबरले.

"मग मला बैल समजा!"

"बैल एवढं बोलत नाही. गप पडा इथं." आणि आमच्या डॉक्टरांचं नाव काढलं तर नाना बिथरतील म्हणून त्यांनी भिंतीवरून हाक मारली, "ओ कंपाउंडर! लवकर या!"

अलीकडं कंपाउंडर नव्हताच, ती जागा वर्षानुवर्षं रिकामी. पण आमच्या डॉक्टरांनी नानांचा चेहरा पाहिला, बॅग उचलली आणि भिंत ओलांडली. एक शब्द विचारला नाही. नाडी बघितली, छाती ऐकली, जिभेखाली गोळी ठेवली, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि स्वतः सोबत बसून धाराशिव गाठलं. अख्ख्या रस्त्यात तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर नाना उतरले असते!

नाना वाचले. परत आल्यावर पारावर निकाल दिला, "गुरांच्या डॉक्टरनं वाचिवलं. पर त्याचा कंपाउंडर लई तयारीचा! एवढा गुणी माणूस सरकारी दवाखान्यात सडवलाय!"

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडं रांग. "कंपाउंडर हायेत का?" बदलीचा विषय वरच्या वर विरला. डॉक्टरांनी मला विचारलं, "ती डिग्रीची फ्रेम काढून ठेवू का?"

"राहू द्या," मी म्हटलं. "भिंतीचे पोपडे झाकतेय."

मग एक दिवस गुरांचे डॉक्टर भूमला शिबिराला गेले होते. नाना म्हैस घेऊन आमच्या दारात. त्यांनी ती खांबाला बांधली. रांग आदरानं बाजूला सरकली.

"अहो नाना, मी माणसांचा..."

"त्यो बी आदी असंच म्हणला हुता. बघा तुमी."

गाव बघत होतं. डॉक्टर पायरी उतरले. म्हशीसमोर उभे राहिले, तिला शिंगापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं, पाठीवर हात ठेवला. नाना अभिमानानं लोकांकडं बघायला लागले.

आणि डॉक्टर वाकून म्हशीला म्हणाले, "काय होतंय?"

नानांनी कपाळावर हात मारला.

"झालं! परत इचाराय लागला!"