मानाचं टोपण

बाळारामभाऊजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी बालवाडीतल्या मुलांना खाऊच्या आधी हात धुवायला लावत होते. माझे मिस्टर दवाखान्यातून थेट तिकडेच आले आणि दारात उभे राहून त्यांनी नुसती मान हलवली. सख्खा थोरला भाऊ गेला होता त्यांचा, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा... की आता त्या चादरी धुवाव्या लागणार नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत भाऊजींना घरीच रक्ताच्या उलट्या होत होत्या, अंथरुणातच डांबरासारखं काळं शौचाला होत होतं. त्यांची बायको, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई हिरावहिनी, आणि मी आळीपाळीने ते सगळं धूत होतो. रविवारच्या पुरवणीत असलं काही लिहू नये, हे मलाही कळतं. पण गेल्या महिन्याभरात जो तो येतो, "दिलदार माणूस होता हो" म्हणतो, चहा पितो आणि जातो. त्या दिलदारीचा शेवट कशात झाला, हे एकानेही विचारलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन कामतघरच्या या घरात आले. भातशेतीची जमीन होती, तिच्यावर तेव्हा नुकतेच लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने उभे राहिले होते आणि त्यांतला एक भाऊजी स्वतः चालवत. खटखटाट असा की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. त्या गोंगाटात भाऊजी मान तिरकी करून उभे राहायचे आणि नेमक्या बिघडलेल्या लूमपाशी जायचे. घरात नवी सून म्हणून मी गप्प गप्प असे. मला बालवाडीत शिकवायचं होतं, आणि सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. एके दिवशी जेवताना भाऊजी म्हणाले की घरातली पोरं तिच्याचकडे जाणार, मग शिकवायला बाहेरची बाई का शोधायची? विषय तिथेच मिटला. माझी नोकरी ही त्यांची देणगी आहे. हे सांगितल्याशिवाय पुढचं लिहिलं तर अन्याय होईल.

पुढचं म्हणजे दारू. आमच्या बाजूला घरात कार्य निघालं की बाटली निघते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. भाऊजी इतरांहून जास्त घेत आणि तरी सरळ चालत घरी येत. याचं काय कौतुक होतं! बाळारामला चढतच नाही, असं पुरुषमंडळी मिशीवर ताव देऊन सांगत, जणू कुस्तीच मारली होती. चढत नाही म्हणजे शरीराला सवय लागली आहे आणि उद्या त्याला अधिक लागणार आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मग सकाळी दात घासताना त्यांना कोरड्या ओकाऱ्या येऊ लागल्या. चहाची बशी हातात खुळखुळायची. ती थरथर थांबवायला ते आतल्या खोलीत जाऊन येत, आणि आल्यावर हात एकदम स्थिर. पुढे बाटल्या तांदळाच्या पिंपात, सुताच्या रिळांच्या पोत्यात, एकदा तर मनीषाच्या, त्यांच्या मुलीच्या, दप्तरामागे सापडल्या. जेवण कमी झालं. बोललेलं लक्षात राहीना. कारखाना भाड्याने दिला आणि ओटीवरची खाट धरली. त्या खाटेभोवती एक आंबूस वास असे, शिळ्या भातासारखा. पाहुणे त्याच खाटेवर टेकून त्यांच्याकडूनच पेला भरून घेत. मला त्या पाहुण्यांची जास्त किळस यायची.

कुणी टोकलं की भाऊजींचं उत्तर तयार असे, "मी श्रावण पाळतो." यावर बोलणाऱ्याचं तोंड बंद. गटारीला आकंठ प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर शिवायचंही नाही, हा आमच्याकडचा रिवाज. जो श्रावण पाळतो तो दारुडा नव्हे, असा सगळ्यांचा पक्का हिशेब. भाऊजींचा श्रावण दरवर्षी जड जात होता, घाम फुटे, झोप उडे, पण ते उपासाचं पुण्य म्हणून खपून जाई. दोन वर्षांपूर्वी मात्र गटारीनंतर तिसऱ्या दिवशी ते भिंतीवरचे किडे झटकू लागले. भिंतीवर काहीही नव्हतं. मग हातापायांना झटके आले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. गोमाकाका, माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ आणि आमच्या भावकीतल्या रीतिरिवाजांचे स्वयंघोषित मालक, त्यांनी निदान केलं की बाहेरचं लागलं आहे. दवाखाना धामणकर नाक्याला, रिक्षाने जायच्या अंतरावर. आणि यांनी जीप केली ती वज्रेश्वरीला, गरम कुंडात आंघोळ घालायला! झटके येणाऱ्या माणसाला पाण्यात उतरवायला निघालेली ही शहाणी माणसं. वाटेत दुसरा झटका आला तेव्हा माझे मिस्टर भावाचं डोकं मांडीवर धरून ड्रायव्हरवर ओरडले आणि जीप दवाखान्याकडे वळवली.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी तिथे उभी राहून ऐकलं आहे. रोज इतकी पिणाऱ्याने एकदम बंद केली की असे झटके येतात, भास होतात, माणूस त्यात दगावूही शकतो. अशी दारू सोडवायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. म्हणजे ज्या श्रावणाची आम्ही आरती ओवाळत होतो, तोच त्यांना दरवर्षी मरणाच्या दारापर्यंत नेऊन आणत होता. शिवाय यकृत खराब झालं होतं. पायांवरची सूज, टम्म पोट, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या उमटलेल्या लाल रेषा, हे सगळं त्याचंच. गोमाकाका त्या पोटाला "सुखाचं पोट" म्हणत. डॉक्टर भाऊजींना म्हणाले, आता थेंबही नको. एक थेंब घेतलात तरी तो एकावर थांबणार नाही.

आणि भाऊजींनी ते केलं. दवाखान्यातून आले ते औषधं घेऊन आले आणि पुढचं वर्षभर त्यांनी शिवली नाही. चेहऱ्यावर तजेला आला. सकाळी कारखान्यापर्यंत चालत जायचे, भाडेकरूच्या लूमपाशी मान तिरकी करून उभे राहायचे. मुलगा नितीन तेव्हा कॉलेजात होता. बाप-लेक संध्याकाळी ओटीवर कॅरम खेळत. हिरावहिनी एकदा भाकऱ्या थापता थापता गुणगुणल्या आणि मी दिसताच गप्प झाल्या. मनीषाचं लग्न ठरलं.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात बँजो वाजत होता. आमच्या घरात त्या दिवशी देवाला मान द्यायचा असतो. नारळ, विडा आणि दारू. घरच्या कर्त्याने बाटलीचं टोपण भरून देवापुढे शिंपडायचं आणि दुसरं टोपण स्वतः घ्यायचं. भाऊजींनी पहिलं शिंपडलं आणि बाटली खाली ठेवली. गोमाकाकांनी दुसरं टोपण भरून त्यांच्यापुढे धरलं. हिरावहिनी पदर सावरत पुढे झाल्या आणि म्हणाल्या की डॉक्टरांनी नको सांगितलंय.

"ही दारू न्हाय, मान हाय," गोमाकाका म्हणाले. "पोरीच्या हळदीत देवाला न्हाय बोलतोस? उद्या तिच्या संसारात काय झाला त कोनाच्या माथी?"

सगळा मांडव बघत होता. भाऊजींनी मनीषाकडे पाहिलं. हळदीने माखलेली पोर पाटावर बसली होती. तिच्या संसाराचं नाव निघाल्यावर कुठला बाप नाही म्हणेल? त्यांनी टोपण घेतलं, डोळे मिटून प्यायले, आणि लोकांनी बँजो जोरात करायला सांगितला.

टोपणभर दारूने माणूस मरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या टोपणानंतर त्याच संध्याकाळी पेला आला, लग्नानंतर बाटली आली, आणि पावसाळा संपेपर्यंत ओटीवरची खाट पुन्हा भरली. या वेळी डोळे पिवळे झाले. पोटातलं पाणी डॉक्टरांनी काढलं तरी पुन्हा भरे. मुलीला ओळखेनासे झाले, दिवसा झोपत, भलतंच बडबडत. शेवटी रक्त पडू लागलं. मनीषा सासरहून आली की दारातूनच रडे, "माझ्या हळदीने घालवलं बाबांना." तिला समजावून मी थकले. ज्याने टोपण पुढे धरलं तो मात्र रोज येऊन खाटेशी बसायचा आणि नशिबाला बोल लावायचा.

बाराव्याला ओटीवर पान वाढलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, भाऊजींना आवडायचं ते सगळं. गोमाकाकांनी पिशवीतून बाटली काढून पानाशेजारी ठेवली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्याकडे ती मेल्यावरही पुरवतात. मग त्यांनी टोपण भरलं आणि नितीनला हाक मारली. "आता घरचा कर्ता तू हायस. बापाच्या नावाचा एक घे."

भावकीतले सगळे पुरुष बसले होते. नितीन विशीतला, डोक्याचं मुंडण केलेला, रडून डोळे सुजलेला. त्याला बापासाठी काहीतरी करायचं होतं, आणि करायला हे एवढंच समोर आलं होतं. त्याचा हात पुढे झालाच होता.

बारा दिवस आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या हिरावहिनी उठून बाहेर आल्या. विधवेने असं पुरुषांत यायचं नसतं म्हणे. त्यांनी गोमाकाकांच्या हातातून टोपण घेतलं, पानाशेजारची बाटली उचलली.

"देव कोपंल," काका म्हणाले.

"माझ्यावर कोपू दे. माझा पोरगा कर्ता न्हाय झाला तरी चालंल. जिता राहू दे."

आणि त्या मोरीत गेल्या. बाटली उपडी केल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. नितीन आईच्या मागे जाऊन मोरीच्या दाराशी उभा राहिला. मीही गेले. मोरीतून तो वास वर आला, ज्याची मला इतकी वर्षं शिसारी होती तोच, आणि क्षणभर वाटलं, भाऊजी घरी आले... हिरावहिनींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या वळून ओटीकडच्या दाराकडे बघायला लागल्या. मग त्यांनी पाण्याच्या पिंपातून बादली भरली आणि ओतली. वास गेला नाही, तेव्हा नितीनने दुसरी भरून दिली.