रिमॅप करू की नको

पाय खाली टेकेपर्यंत दाबला तरी गाडी चढेचना. लालबागच्या पुलाची चढण, मागे बस, हॉर्नवर हॉर्न, आणि मागच्या सीटवर माझी तीन वर्षांची पोर. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेतली तरी तेच. नुसती घुं घुं. बाजूने एक बाईकवाला ओरडून गेला, की मागे बघा, काळा धूर. मी आरशात बघितलं तर बस अर्धी दिसतच नव्हती. बाजूला सासूबाई, त्यांनी डोळे मिटून देवाला गाऱ्हाणं सुरू केलेलं. मी दिवे लुकलुकते लावले, कडेला घेतली आणि रांगत रांगत पुलावरून उतरले. खाली आल्यावर हँडब्रेक ओढला आणि आधी मागे वळून पोरीकडे बघितलं.

गाडी डिझेलची, सेकंड हँड. नवरा जहाजावर खानसामा आहे, आठ महिने समुद्रात, म्हणून चालवते मी. आठवीपर्यंत शिकलेली बाई, पण लायसन पहिल्या फटक्यात काढलं. त्याला फोन केला तर म्हणाला, वडाळ्यात एक अंकल आहेत, रिमॅप करतात. मी म्हटलं म्हणजे काय. तर इंजिनात एक कॉम्प्युटर असतो म्हणे, डिझेल किती सोडायचं ते तोच ठरवतो, त्यात दुसरी फाइल घातली की तेच इंजिन जास्त जोर देतं. दिवाळीत गावाला जायचं होतं, पुढे अख्खा घाट. पुलावर ही तऱ्हा, तर घाटात काय होईल, या एकाच भीतीने मी गेले.

अंकल म्हातारे, गिरगावातल्या जुन्या ख्रिश्चन घरातले, चष्मा दोरीने गळ्यात. लॅपटॉप मी बघत होते, पण तो त्यांनी उघडलाच नाही. आधी बॉनेट उघडलं, मग एअर फिल्टरचा डबा, इंजिनात जाणारी हवा गाळतो तो. आणि त्यातून काय काढलं माहितीये? झेंडूच्या पाकळ्या. मूठभर, सुकून काळ्या पडलेल्या. आणि अक्षता.

माझं तोंड उतरलं. सासरे गिरणीत होते, आमच्याकडे खंडेनवमीला यंत्राची पूजा म्हणजे यंत्राचीच. हार पुढे जाळीवर घातला तर आतल्या इंजिनाला काय मिळालं? म्हणून मीच बॉनेट उघडून आत फुलं वाहिली होती, चांगली भरभरून.

अंकल म्हणाले, "बेटा, तू गाडीच्या नाकात हार घातलास. ती श्वास कशी घेणार?"

नवा फिल्टर बसवला. गाडी पहिल्यासारखी. तुला रिमॅपची गरज नाही, ते स्वतःच म्हणाले. तिथून मी घरी यायला हवं होतं. पण मी विचारलं, केलं तर कसं होतं ते बघू तरी?

त्यांच्याकडे माझ्यासारखीच गाडी होती, तेच मॉडेल, रिमॅप केलेली. पोरीला मागे तिच्या सीटवर बांधलं, मी बाजूला बसले. मिठागरांकडचा मोकळा रस्ता. त्यांनी पाय जरासा दाबला आणि देवाशप्पथ सांगते, पाठ सीटला चिकटली. आवाज नाही, धूर नाही, नुसती ओढ. समुद्राची लाट पायाखालची वाळू नेते ना, तशी, पण पुढे. पोर मागून म्हणाली, "परत."

मग त्यांनी लॅपटॉपवर इंजिनाच्या जोराचा आलेख दाखवला. खाली एक रेघ, ती माझी. वर दुसरी, ती त्यांची. मी त्या दोन रेघांमधली जागा बघत बसले. म्हणजे एवढं सगळं माझ्या गाडीत आजपण आहे, रोज मी पोरीला शाळेत सोडते तेव्हापण आहे, आणि कोणी मागितलंच नाही म्हणून गप्प बसलंय. मला रडूच आलं, का ते माहीत नाही.

अंकलनी लपवलं काही नाही. क्लचवर ताण येणार, गिअरबॉक्सवर येणार, इन्शुरन्सवाल्यांना कळवावं लागणार. जुनी फाइल ते जपून ठेवतात, कधीपण परत घालता येते. मी म्हटलं, गावाहून येऊन सांगते.

घरी सासूबाईंना सांगितलं, तर भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुका उडाचा आसा की गावाक जावचा आसा?"

गेलो गावाला. घाटात सिमेंटच्या ट्रकमागे अर्धा तास. एका वळणानंतर रस्ता मोकळा दिसला, समोर कोणी नाही. अंकलच्या त्या गाडीत असते तर एका दमात पुढे गेले असते. माझ्या गाडीत तेवढा दम नव्हता, म्हणून मागेच राहिले. आणि पुढच्या वळणावरून एसटी आली. जोर असता तर मी तोवर आपल्या बाजूला आले असते, की नसते? रोज मोजते. कधी मी बाजूला आलेली असते, कधी नसते. मागे पोर झोपलेली होती, तिला काहीच माहीत नाही.

नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "चालवतेस तू, ठरव तूच." मला आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. याचीपण भीती वाटते.

उद्या अकरा वाजता अंकलनी बोलावलंय. हो म्हटलं तर पुन्हा घाटात ट्रकमागे अडकायची नाही. पण हो म्हटलं तर माझा पाय ऐकेल का माझं? ती ओढ अजून पाठीत आहे, खोटं कशाला बोलू, मला ती हवी आहे. मागच्या सीटवर तुमची पोर असती, तर तुम्ही काय केलं असतं?