कोयनेत न झालेला धक्का

क्रांती नलावडे मूळची वडूजची, सुभेदार हंबीररावांची थोरली. शिरवळच्या एका कंपनीत ती आभासी मशीन सांभाळते. एका सर्व्हरच्या पोटात अशी बरीच मशीन चालतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण एकटंच आहोत. त्यांतल्या एकावर दोन कामं होती: कोयना खोऱ्यातल्या कंपनांचा आलेख काढणं आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलीची रेकॉर्डिंग साफ करणं. आकडेमोडीला एक वेगवान कार्ड होतं. पूर्वी त्याला माहितीची नक्कल काढून द्यावी लागे. क्रांतीनं नवी सोय बसवली: प्रोग्राम मेमरीत ज्या पत्त्यावर माहिती ठेवतो, तोच पत्ता कार्डाला द्यायचा, मग ते थेट तिथूनच वाचतं.

बोलीचं काम संपलं, तो प्रोग्राम बंद झाला. आठवड्याभरात आलेखात रोज सकाळी सव्वादहाला धक्का दिसू लागला. कोयनानगरला फोन केला, तर तिथं टेबलावरचा कपसुद्धा हलला नव्हता.

धक्क्याचा आकारही विचित्र होता. उठायचा, थांबायचा, परत उठायचा. माणूस दम खात बोलतो तसा. शनिवारी वडूजला घरी बसून क्रांतीनं ते आकडे आवाजात बदलले.

"हात सुटला गं... चिमे, माज्या हातातनं हात सुटला..."

हंबीरराव दारात थबकले. "कोण बोलतंय गं?"

"कुणी नाही, आबा. आकडे आहेत."

"आकडं असं रडत न्हाईत. बंद कर ते."

क्रांतीनं ते बंद केलं. आवाज तिनं ओळखला होता. बोलीच्या रेकॉर्डिंगमधल्या, कोयनानगरजवळच्या धोंडुबाईचा. म्हातारी वारली तेव्हा मुलीनं, रंगूबाईनं, पत्र पाठवलं होतं की गेलेल्या माणसाचा आवाज मशिनीत नको. क्रांतीनं स्वतःच्या हातानं सगळ्या प्रती पुसल्या होत्या.

दोन दिवस शोधल्यावर कारण सापडलं. कार्ड प्रोग्रामला क्रमांकावरून ओळखतं, आणि बंद झालेल्या प्रोग्रामचा क्रमांक कंपनांच्या प्रोग्रामला मिळाला होता. जुने पत्ते विसर, असा निरोप आभासी मशीननं कार्डाला धाडला होता, पण मशीन आणि कार्ड यांच्या मधल्या थरातच तो अडकला. रोज सव्वादहाचा हिशेब सुरू झाला की कार्ड जुन्याच पत्त्यावर जाऊन मेमरीत उरलेलं म्हातारीचं बोलणं वाचत होतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. ती न करता क्रांती घाटातून कोयनानगरला गेली.

"पुसलं म्हणून लिवलं हुतं तुमी," रंगूबाई म्हणाली.

"पुसलं होतं, मावशी. तरी थोडं उरलं. तुम्हाला न विचारता घालवायचं मन होईना."

"लावा."

ऐकता ऐकता रंगूबाईनं पदर तोंडाशी धरला. सदुसष्टच्या भूकंपात ती दहा वर्षांची होती, धाकटी बहीण चिमी पाचची.

"आई आमाला म्हनायची, चिमी झोपंतच गेली. जागीच झाली न्हाई." मग ती म्हणाली, "पुन्यांदा लावा."

तीनदा ऐकून झाल्यावर तिनं हात हलवला. "आता घालवा. लय वर्सं एकटीनं वागवलं तिनं."

दुसऱ्या दिवशी क्रांतीनं आवाजात बदललेली प्रत पुसली, तो निरोप थेट कार्डापर्यंत पोचवला आणि पोच येईपर्यंत खुर्चीवरून उठली नाही. सव्वादहाला रेघ सरळ गेली. पण आता खोऱ्यात खरा धक्का बसला, तरी क्रांती आधी दार लावून तो ऐकून बघते, मगच पुढं कळवते.