दक्षिणेचं दार आणि माझं ‘नको’

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांना एकच डोहाळा लागला: घरमालक व्हायचं. ह्यांचं लहानपण भाड्याच्या खोल्यांत गेलेलं. तिथला मालक म्हणे पहिल्या तारखेला यायचा, ऐटीत खुर्चीत बसायचा आणि चहा पिऊन वर चहालाच नावं ठेवायचा. “एकदा तरी मला असं कुणाकडे जाऊन बसायचंय,” हे म्हणायचे. बडोद्यात कारेलीबागेत आमचं स्वतःचं घर होतं, पुढे ओटा, ओट्यावर झोपाळा. मला त्यापलीकडे इंचभर जागा नको होती. पण ऐकतंय कोण!

दर रविवारी स्कूटरवरून बडोदं पालथं घालणं सुरू झालं. ह्यांचं तत्त्व असं, की लोक ज्या घराला नाक मुरडतात ते स्वस्तात मिळतं. नाक मुरडायचं काम माझं. जागा कितीही आवडो, मी तोंड वाकडं करून “नको बाई!” म्हणायचं, आणि तेही मराठीत. का, तर बडोद्याच्या दलालाला मराठी पुरतं कळतं, पण तो कळत नसल्यासारखं दाखवतो. त्यामुळे नवराबायको आपसात जे बोलतात ते त्याला खरं वाटतं. ही ह्यांची अक्कल, माझी नव्हे.

हळूहळू मी त्यात तरबेज झाले. एका फ्लॅटच्या मोरीला मी अशी काही नावं ठेवली की मालकीणबाई रडवेल्या झाल्या. मग मला इतकं वाईट वाटलं की त्यांच्या हांडव्याची तोंडभरून स्तुती करून, कृती लिहून घेऊनच तिथून हलले.

गोरवा भागातला फ्लॅट मात्र मला खरोखरच आवडला नाही. जिना काळोखा, स्वयंपाकघरात दोन माणसं आली की एकाने ओट्यावर चढायचं, आणि दार थेट दक्षिणेला. “अहो, नको हो,” मी म्हटलं. दलालाने किंमत उतरवली. “अहो, खरंच नको!” आणखी उतरवली. ह्यांचे डोळे लुकलुकायला लागले. शेवटी मी बाही ओढून म्हटलं, “तुम्हाला माझी शपथ आहे!” तेव्हा दलाल घाम पुसत, अगदी शेवटचा भाव सांगत म्हणाला, “काका, बेनने शांत राखो, आ छेल्लो भाव.” ह्यांनी उभ्या उभ्या टोकन देऊन टाकलं.

“शपथेपर्यंत गेलीस! कमाल आहे हं तुझी!” जिना उतरताना हे म्हणाले. मी कपाळावर हात मारला, तर म्हणे, “आता पुरे, दलाल गेला.”

भाडेकरू यायचे, मोबाइलवर दिशा बघायचे आणि “घर तो सरस छे, काका, पण बारणुं...” म्हणत दाराकडे बोट दाखवून तिथूनच मागे फिरायचे. ह्यांनी दारावर गणपती लावला. मग दक्षिणमुखी मारुतीची तसबीर आणली आणि एकाला विचारलं, “मारुती दक्षिणेकडे तोंड करून चालतो, मग घर का नाही?” तो शांतपणे म्हणाला, “काका, मारुतीला संसार कुठे होता?”

असंच एक जोडपं फ्लॅटची किल्ली न्यायला आमच्या घरी आलं आणि झोपाळ्यावर बसलं. दार पूर्वेला, ओट्यावर ऊन. त्या बाईंनी किल्ली हातातच घेतली नाही, आमच्याच घराकडे बोट दाखवलं. “आ घर भाडे आपशो?”

“मुळीच नाही!” मी ओरडले. त्यांनी भाडं वाढवलं. “मेले तरी नाही!” आणखी वाढवलं. हे माझ्याकडे असे कौतुकाने बघत होते, की बाई गं, मला रडावं की ह्यांना बदडावं तेच कळेना.

अशा रीतीने आम्ही गोरव्यात राहायला गेलो. हे पहिल्या तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून कारेलीबागेत जायचे, स्वतःच्याच झोपाळ्यावर बसायचे आणि चहाला नावं ठेवून यायचे. मी कधी गेले नाही. मन धजत नव्हतं.

करार संपत आला तेव्हा मात्र मलाही नेलं. त्या बाईंनी मला खुर्ची दिली. माझ्याच ओट्यावर मी पाहुणी! चहा देत त्या सहज म्हणाल्या, “मासी, हा झोपाळा काढून टाकू का? जागा अडवतो.”

माझा बांधच फुटला. “मला माझं घर परत द्या! नाही द्यायचं आता कुणाला!” आणि मी ढसाढसा रडले.

त्यांच्या यजमानांनी लगेच भाडं वाढवलं. ह्यांनी मला डोळा मारला.

“नाटक नाही हो हे,” मी म्हटलं.

ह्यांचा चहाचा कप हातातच राहिला. “मग गोरव्याला ‘नको’ म्हणालीस ते?”

“तेही नव्हतं.”

“शपथ?”

“खरी होती.”

ह्यांनी कप खाली ठेवला. ह्यावेळी चहाला नावं ठेवली नाहीत. भाडेकरूंना म्हणाले, “भाडं नको. आम्हाला घर हवंय.”

बाई नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाल्या, “काका तो मासी करतां पण सरस नाटक करे छे! थोडुं भाडुं वधारो.” म्हणजे ह्यांचं नाटक माझ्याहून सरस!

हे झोपाळ्याची कडी घट्ट धरून उभे राहिले. “वाढवू नका हो,” म्हणाले, “मला हिची शपथ आहे.”