कोणीच न लिहिलेलं बेअरिंग

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी विक्रोळीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करत होतो. कारखान्यात पंखे होते, कॉम्प्युटरला एसी होता. त्याच्या खोलीत शिरताना आम्ही चपला बाहेर काढायचो. आमच्या साहेबांनी परदेशातून युनिक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीची, टेप आणली होती आणि घरच्या सुनेबद्दल बोलावं तसं ते तिच्याबद्दल कौतुकाने बोलत.

आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे दोघं. मी कांदिवलीचा, मूळचा मालवणकडचा. ती अंधेरीच्या पलीकडच्या कोळीवाड्यातली, घरी मासळीचा धंदा. दुपारी डबे एकत्र उघडायचो. माझ्या भाकऱ्या तिला जायच्या, तिची तळलेली मासळी मला यायची.

यंत्रांची बेअरिंगं कधी बदलायची हे सांगणारा प्रोग्रॅम आम्हाला करायचा होता. बेअरिंगवर भार किती येतो हे काढणारा भाग मी लिहिला, ते किती टिकेल हे काढणारा तिने. दोन्ही भाग वेगवेगळे बिनतक्रार कंपाइल झाले, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरले. मग त्यांची गाठ मारायची. हे काम लिंकर नावाचा प्रोग्रॅम करतो. एका भागाने नाव घेऊन हाक मारली की ते नाव दुसऱ्या भागात शोधून तो जोडून देतो.

लिंकरने गाठ मारली नाही. टाइपरायटरसारख्या टर्मिनलने कागदावर खडखडत छापलं: बेअरिंग, मल्टिप्लाय डिफाइन्ड. म्हणजे बेअरिंग नावाचं काहीतरी दोनदा लिहिलंय.

"तू लिहिलंस?" मी विचारलं.

"मी कशाला लिहू? माझ्या भागाचं नाव बेअरिंगलाइफ आहे. तुझंच असेल."

"माझं बेअरिंगलोड आहे."

नुसतं बेअरिंग आमच्यापैकी कोणीच लिहिलं नव्हतं. साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय." एवढं बोलून ते मीटिंगला गेले.

मला खात्री होती, तिने जुनी फाइल कुठेतरी ठेवून दिलीय. तिला खात्री होती, मी तिचा कोड उचलून माझ्यात घातलाय. तिने माझ्या फायली वाचल्या, मी तिच्या. काही सापडलं नाही, त्यामुळे संशय वाढला. बोलणं कामापुरतं राहिलं, मग तेही थांबलं. ती डबा खिडकीपाशी जाऊन खायला लागली.

घरी डबा घासताना आई म्हणाली, "आज पण काटे नाय डब्यात? भांडलंस काय रे कोणाशी?"

"मशीनची चूक आहे," मी म्हटलं.

"मशीन मासे देत होती काय?" आईने विचारलं आणि झाकण घासायला घेतलं.

शेवटी तिनेच तोंड उघडलं. लिंकरला कुठली कुठली नावं दिसतात ती सगळी तिने छापून घेतली होती. कागद माझ्यासमोर टाकून म्हणाली, "तुझं टेम्परेचर बघ."

मी कपाळाला हात लावला.

"प्रोग्रॅममधलं रे! टेम्परा झालंय ते. शेपूट गेलंय."

खरंच गेलं होतं. सगळीच लांब नावं तुटली होती. आम्ही दोघं पेन्सिल घेऊन मोजायला बसलो. युनिक्स प्रत्येक नावाच्या आधी स्वतःची एक रेघ लावायचं आणि इंग्रजी स्पेलिंगची पहिली सात अक्षरं ठेवून बाकीची टाकून द्यायचं. बेअरिंगचं स्पेलिंग बरोबर सात अक्षरांचं. पुढचं माझं लोड गेलं, तिचं लाइफ गेलं. उरली दोन बेअरिंगं.

"म्हणजे तू उचललं नव्हतंस," ती म्हणाली.

"नाही."

"बरं." तिच्याकडून एवढीच माफी आली. मी तर तेवढीही मागितली नाही. दुपारी मात्र तिने डबा माझ्यासमोर उघडला.

आता नावं बदलायची होती. आखूड, एकमेकांत न मिसळणारी. विचार करून आमची डोकी शिणली. मग तिने कागद ओढला आणि स्वतःच्या आईच्या पाटीतली मासळी लिहून काढली. भार म्हणजे बोंबील. आयुष्य म्हणजे सुरमई. तापमान बांगडा. मांदेली नेमकी सात इंग्रजी अक्षरांत बसली, ती वंगणाला दिली. लिंकर एका शब्दाने बोलला नाही. प्रोग्रॅम चालला.

साहेबांनी उत्साहाने कारखान्याच्या मोठ्या लोकांना बघायला बोलावलं. त्यांच्यासमोर सगळं पुन्हा जोडून दाखवायचं होतं. घाईत कमांड देताना तिच्याकडून एक फाइल राहिली. टर्मिनल खडखडलं. एका पाहुण्याने वाकून मोठ्याने वाचलं, "अनडिफाइन्ड. बोंबील."

"याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं.

साहेब आमच्याकडे बघायला लागले. ती शांतपणे म्हणाली, "बोंबील सापडत नाहीये, सर."

"मग?"

"आणते," असं म्हणून तिने राहिलेली फाइल घातली. या वेळी गाठ बसली आणि कागदावर बेअरिंगांची आयुष्यं उतरायला लागली. पाहुण्यांनी आकडे पाहिले, मान डोलावली आणि चहा घेऊन गेले.

साहेबांनी नंतर नावं बदला म्हणून सांगितलं. आम्ही हो म्हटलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. तोवर ती नावं खाली कारखान्यात पोचली होती. आठवड्याच्या सुरुवातीला ग्राइंडिंग खात्याचा फोरमन हात पुसत दारापर्यंत यायचा, चपला काढायला लागू नयेत म्हणून बाहेरूनच ओरडायचा, "मॅडम, तीन नंबरची सुरमई किती राहिली?"

ती कागद बघून सांगायची, आणि संपत आली असेल तर तो बेअरिंग बदलायला जायचा.